तळाला काय घालणार

सासरेबुवांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना गुडघ्याची काळजी लागली आणि सासरेबुवांना माशांची. डॉक्टरांनी त्यांना बादल्या उचलायला कायमची बंदी केली होती, आणि त्यांचे डिस्कस मासे बादल्यांशिवाय जगणाऱ्यांतले नव्हते. ज्यांनी डिस्कस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा मासा बशीसारखा गोल आणि चपटा असतो. समोरून पाहिलात तर जवळजवळ दिसतच नाही, आणि बाजूने पाहिलात तर तोच आपल्याकडे असा पाहतो, की आपण चुकीच्या खिडकीशी रांग लावली असावी. त्याला पाणी कोमट लागतं, कमी क्षारांचं लागतं आणि सारखं बदललेलं लागतं. खाण्यात उन्नीस-बीस झालं तर तो कोपऱ्यात जाऊन काळा पडतो. सासरेबुवांचं आणि त्याचं इतकी वर्षं का पटलं, हे मी सुज्ञांना सांगायला नको.

तर मासे द्यायचे कुणाला, यावर सासरेबुवांच्या दिवाणखान्यात बैठक बसली. मेहुणा परदेशात. मेहुणीकडे मांजरं. सासरेबुवांची नजर सोफ्यावरून निघाली, मेहुणीवर थांबली, मग माझ्यावरून पंख्यासारखी सरळ फिरून खिडकीवर गेली. ते आयुष्यभर जमीनमोजणी खात्यात होते. मोजायच्या लायकीची नसलेली जागा ते लांबूनच ओळखतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला कधी एक छत्रीसुद्धा सांभाळायला दिलेली नाही.

त्या नजरेने घोळ केला. मी म्हणालो, "माझ्याकडे द्या. आणि तुमच्यासारखी नुसत्या काचेची टाकी नाही करणार मी. झाडं लावलेली करणार. त्यांना मूळ नदीत असल्यासारखं वाटलं पाहिजे."

बायकोने माझ्याकडे चालत्या पाळण्यात उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तळाला काय घालणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "म्हणजे?"

त्या एका "म्हणजे"ची किंमत मी पुढे जी मोजली ती इथे सांगत नाही, कारण बायको हे वाचणार आहे. टाकीच्या तळाला काहीतरी घालावं लागतं आणि त्यावर जगात मतभेद आहेत, हे मला तोवर माहीतच नव्हतं. माझी समजूत अशी होती की टाकी आणायची, पाणी भरायचं, झाडं खोचायची. कशात खोचायची, हा प्रश्न मला पडला नव्हता. सासरेबुवांना तो पडला, आणि त्या दिवसापासून ते रोज सकाळी फोन करून तेवढंच विचारू लागले. तब्येतीची चौकशी नाही, मुलीची नाही. तळाचं काय झालं.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांच्या घरात पाणी शिरलं, गळलं, झिरपलं की ते आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांना ते पाणी आमच्या नियमात का बसत नाही ते समजावतो. त्यामुळे कुठलाही विषय नीट चौकशी करून समजून घ्यायचा, हे माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. मी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार गोरा, गोल आणि प्रसन्न होता. त्याच्या सगळ्या वाक्यांची सुरुवात "तुमच्या जागी मी असतो तर" अशी होत असे. माझ्या जागी तो असता तर त्याने पांढरीशुभ्र बारीक वाळू घेतली असती. डिस्कस तिच्यावर असे खुलतात म्हणाला, की बघतच राहावं. ती त्याच्या दुकानात दारापाशीच रचून ठेवलेली होती आणि तिच्यामुळे त्याला स्वतःला आत-बाहेर करणं कठीण जात होतं, हे मी पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ मला नंतर लागला.

वाळूच्या गोण्या घेऊन मी इमारतीत आलो, तर लिफ्टपाशी सेक्रेटरी उभे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना अख्खी इमारत त्यांच्या पाठीमागे "पोटनियम" म्हणते. माणूस वाईट नाही. पण त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या तरी त्या कुठल्यातरी कलमाखाली येतात. बांधकामाचं साहित्य लिफ्टमधून न्यायला मनाई आहे, असं त्यांनी मला अत्यंत सौजन्याने सांगितलं. मी म्हणालो, हे बांधकामाचं साहित्य नाही, माशांचं आहे. ते म्हणाले, वाळू ती वाळू, लिफ्टला काय कळतं. मुद्दा बिनतोड होता. मी गोण्या जिन्याने नेल्या. वाटेत एक गोणी कुठेतरी उसवली आणि तळमजल्यापासून आमच्या दारापर्यंत एक सुंदर पांढरी रेघ उमटली. पुढे जे कोणी तक्रारदार आले त्यांना पत्ता विचारावा लागला नाही, तो त्या रेघेमुळे.

त्या संध्याकाळी मी फोनवर सासरेबुवांना मोठ्या रुबाबात सांगितलं की तळाला पांढरी वाळू.

"तिच्यावर चमचाभर व्हिनेगर टाका," ते म्हणाले, "आणि कान लावून ऐका."

मी डायनिंग टेबलावर बशीत वाळू घेतली, व्हिनेगर टाकलं आणि कान लावला. वाळू चिडली. तिच्यातून बारीक फसफस यायला लागली. बायकोने हे दृश्य स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि आत गेली. फसफस म्हणजे चुना, सासरेबुवांनी सांगितलं. वाळूत शिंपल्यांचा चुरा आहे. तो हळूहळू पाण्यात उतरणार, पाणी जड होणार आणि डिस्कस आजारी पडणार. हे त्यांनी एवढ्या शांतपणे सांगितलं की ते माझी चूक धरण्यासाठी कितीतरी वर्षं थांबले असावेत.

दुकानदाराने फोडलेली गोणी परत घ्यायला नकार दिला आणि न फोडलेल्या फोडलेल्यांच्या सोबतच्या म्हणून नाकारल्या. माझ्या जागी तो असता तर आता त्याने खडी घेतली असती. गोलसर, तपकिरी, नदीतली. मी व्हिनेगरची बाटली खिशात घेऊनच गेलो होतो. खडी गप्प बसली. मी ती आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. खडीच्या फटींत खाणं पडतं आणि कुजतं, सासरेबुवा म्हणाले. डिस्कस तळावर तोंडाने फुंकर मारून खाणं शोधतो. खडीवर त्याने फुंकर मारायची का डोकं आपटायचं?

गोण्या आता गॅलरीत जमायला लागल्या होत्या. टाकी मात्र दिवाणखान्यात येऊन बसली होती. तिचं स्टँड एका बाजूला खाली जात होतं म्हणून मी थोड्या विटाही आणल्या. काही स्टँडखाली घातल्या, बाकीच्या गॅलरीत ठेवल्या. विटा कधी वाया जात नाहीत, असं मला वाटलं.

इथे आमच्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरांची ओळख करून द्यायला हवी. ते निवृत्त भूगोलशिक्षक. एकटेच राहतात. त्यांच्या निजायच्या खोलीच्या बरोबर वर आमची टाकी येत होती. पाण्यासकट तिचं वजन किती होईल ते त्यांनी स्वतः मांडून काढलं, मला दाखवलं, आणि निघताना एवढंच म्हणाले की इमारत मजबूत आहे, काळजी नको, मी फक्त पलंग सरकवतोय. पलंग त्यांनी स्वयंपाकघरात सरकवला. मला फार वाईट वाटलं. पण त्यांच्याशी तळाचा विषय निघाला आणि माझं वाईट वाटणं संपलं, कारण मास्तर सुटले. पृथ्वीवर माती कशी तयार झाली इथून त्यांनी सुरुवात केली. खडक, मग ऊन-पाऊस, मग वारा, मग नद्या. नदीच्या वरच्या भागात गोटे का आणि मुखाशी गाळ का. तुमचा मासा नदीच्या कुठल्या टप्प्यावरचा आहे, हे आधी ठरवा, ते म्हणाले. मी म्हणालो, दुकानातला आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला शाळेतली मागची बाकं आठवली.

तिसऱ्या खेपेला दुकानदाराने माझ्यापुढे खास झाडांच्या टाकीसाठी बनवलेली तयार माती ठेवली. काळी, वाटाण्याएवढ्या गोळ्यांची. हिने पाण्याचे क्षार कमी होतात आणि झाडं जोमाने वाढतात. मी तिला व्हिनेगर पाजलं. शांत. सासरेबुवांना फोन केला. ते प्रथमच "हं" म्हणाले. त्या "हं"ने मी इतका हुरळलो की पिशवीवरच्या सूचना वाचायच्या राहून गेल्या. वाळू धुवून घालायची असते, खडी धुवून घालायची असते, तेव्हा मातीही धुवूनच घालायची असणार, असा सरळ हिशेब मी केला. बाथरूममध्ये बादलीत माती घेतली, नळ सोडला आणि चांगली घुसळली. त्या गोळ्या भाजलेल्या असतात आणि घुसळल्या की त्यांचा चिखल होतो, हे पिशवीवर ठळक अक्षरांत छापलं होतं. बादलीत काळा चिखल झाला. मी तो ओतून दिला आणि नवी माती घेतली. तिचाही झाला. तोही ओतून दिला. मग बाथरूममधलं पाणी जाईना.

थोड्या वेळाने दारावर मास्तर. त्यांच्या बाथरूमच्या छतातून काळं पाणी ठिबकत होतं. मी कपड्यांसकट शरमेने पाणीपाणी झालो. दररोज ज्यांचे असले दावे मी फेटाळतो, त्या सगळ्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मी माफीची तयारी केली, पण मास्तरांच्या हातात कप होता आणि कपात तळाशी साचलेला गाळ. त्यांनी तो चिमटीत घेऊन माझ्यासमोर चोळला.

"चिकणमातीचं प्रमाण फार आहे," ते म्हणाले. चेहऱ्यावर राग नव्हता. इतक्या वर्षांनी हाताला नमुना लागला होता. "कुठली आहे?"

प्लंबर आला, छत उकरलं, नळी मोकळी झाली. उरलेल्या चिखलाच्या गोण्या वाळायला गॅलरीत गेल्या. नव्याने आणलेली माती मी एखाद्या तान्ह्या बाळासारखी, न धुता, न हलवता टाकीत ठेवली. वर बशी उलटी घालून तिच्यावर हळूहळू पाणी सोडलं. मोठ्या पानांची झाडं चिमट्याने रोवली. पाणी गढूळ झालं, पण दोन दिवसांत निवळलं, आणि दिवाणखान्यात जे दिसायला लागलं ते पाहून बायकोसुद्धा क्षणभर थांबली. काळ्या मातीतून हिरवी पानं उभी होती, त्यांच्या कडांना चिमुकले बुडबुडे लागलेले. मला वाटलं, जिंकलो.

सासरेबुवा म्हणाले, आता पाणी तपासा.

नवीन मातीतून सुरुवातीला पाण्यात अमोनिया उतरतो आणि तो माशांना विष असतो, हे मला तेव्हा समजलं. तपासायला थेंबांची एक बाटली मिळते. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर मासे सोडायचे नाहीत. आमचं पाणी झाडांच्या पानांपेक्षा हिरवं झालं. रोज थोडं पाणी बदलत राहिलं तर काही आठवड्यांत हे आपोआप निवळतं, ते म्हणाले. मी म्हणालो, वेळ आहे, ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आणि तिथेच माझं नशीब खुसखुसलं असावं.

कारण त्याच आठवड्यात आमच्या दारावर पालिकेची नोटीस चिकटली. अनधिकृत बांधकाम. पोटनियमांनी खालून आमची गॅलरी पाहिली होती. वाळू, खडी, माती आणि विटा. चारांपैकी चार. त्यांनी तक्रारीत पुढे लिहिलं होतं की सिमेंट आत असावं. मी त्यांच्याकडे गेलो, त्यांनी मला चहा पाजला आणि वैयक्तिक काही नाही असं समजावलं. शेजारीपाजारी नोटीस वाचायला येऊ लागले. आमच्या दारावर इतके लोक लग्नानंतर कधी जमले नव्हते. कुणी म्हणालं, आम्हालाही एक खोली वाढवायची होती, तुमचं होऊन जाऊ दे मग बघतो. कुणी कंत्राटदाराचा नंबर मागितला. मी मासे म्हणालो की ते डोळा मिचकावत.

पालिकेचे निरीक्षक येण्याच्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. फोन वाजला. सासरेबुवांच्या डॉक्टरांकडे मधेच कुणाची तारीख रद्द झाली होती, त्यामुळे यांना उद्याच भरती व्हायचं होतं. मासे घेऊन आम्ही निघालोय, मेहुणीने सांगितलं.

तर चित्र असं. दिवाणखान्यात निरीक्षक टेपने टाकी मोजतायत. सडपातळ, सुस्त आवाजाचा माणूस, काखेत फाइल. त्यांच्यामागे पोटनियम, साक्षीदार म्हणून. मास्तर, मातीचे जाणकार म्हणून, स्वतःहून. आणि दारातून काठी टेकत सासरेबुवा, त्यांच्यामागे मेहुणी थर्मोकोलचा मोठा खोका घेऊन. सासरेबुवा खुर्चीवर बसले. खोका त्यांनी मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

निरीक्षकांनी गॅलरी पाहिली, खोल्या पाहिल्या, सिमेंट शोधलं. माणूस समंजस होता. इथे बांधकाम काही दिसत नाही म्हणाले, पण एवढ्या साहित्याचं प्रयोजन काहीतरी लिहावंच लागेल. टाकी आहे हे ठीक. पण टाकीत नुसती माती आणि झाडं आहेत. मासे असते तर त्यांनी लगेच लिहून टाकलं असतं आणि प्रकरण इथेच मिटलं असतं. मासे नसताना ही टाकी म्हणजे त्यांच्या भाषेत पाण्याची साठवण, आणि दिवाणखान्यात पाण्याची साठवण करायला वेगळी परवानगी लागते.

मेहुणी म्हणाली, "अहो, मासे आहेत की. या खोक्यात."

सगळ्यांच्या माना खोक्याकडे वळल्या. निरीक्षकांना हायसं वाटलं. सोडा मग, म्हणाले, मी पाहिले असं लिहितो. पोटनियमही खुशीत आले, कारण त्यांना काहीही नियमात बसलं की आनंद होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला हे सगळं संपवायचं होतं. मलाही. दारावरची ती नोटीस, जिन्यावरची कुजबुज, ऑफिसात शिपायापर्यंत पोचलेली बातमी, सगळं त्या खोक्याचं झाकण उघडल्याबरोबर संपणार होतं. पाच मासे, पाच मिनिटं. मेले तरी आज मरणार नव्हते.

सासरेबुवा खाली खोक्याकडे पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. हिरवं. कालच्यापेक्षा फिकं, पण हिरवंच.

"साहेब," मी म्हणालो, "तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. हे पाणी अजून तयार नाही. मासे आज यात जाणार नाहीत."

निरीक्षकांनी मला पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. आवाज जरा चिरकला, हे मान्य करतो. त्यांनी फाइल उघडली आणि "विनापरवाना साठवण, फेरतपासणी" असं काहीसं लिहिलं. तोवर साहित्य हटलं नाही आणि टाकीचं प्रयोजन सिद्ध झालं नाही, तर टाकी फोडून काढावी लागेल, असं ते जाताना म्हणाले. पोटनियम जिना उतरताना मान हलवत होते. मास्तर मागे राहिले.

"मग आता यांना ठेवायचं कुठे?" बायकोने विचारलं.

घरात कोमट, स्वच्छ आणि रिकामं असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे बाथरूम. रुंद तोंडाचं निळं पिंप आणलं, सासरेबुवांच्या घरचं पाणी बादल्यांनी आलं, त्यात हीटर, हवेचा पंप आणि पांढऱ्या नळीचं फिल्टर लागलं. तळाला काहीही नाही. मासे सोडेपर्यंत सासरेबुवा बाथरूमच्या उंबऱ्यावर काठीवर भार देऊन उभे होते. मग "ठीक" म्हणाले आणि गेले, उद्या गुडघा कापणार आहेत या गोष्टीची नोंदसुद्धा न घेता.

त्या दिवसापासून आमच्या आंघोळी मास्तरांकडे सुरू झाल्या. ज्यांच्या छतावर आपण चिखल ओतला त्यांच्याच घरी टॉवेल खांद्यावर टाकून जायचं, याला निगरगट्टपणा लागतो. तो मला पहिल्या दिवशी नव्हता, दुसऱ्या दिवसापासून आला. मास्तरांनी खळखळ केली नाही. अट एकच. आंघोळ चालू असताना ते बाहेर खुर्ची टाकून बसत आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात विषय पुढे नेत. मला आता जगातल्या बऱ्याच नद्यांची खोरी पाठ आहेत. काही खोऱ्यांच्या वेळी पाणी थंड झालं होतं, ती जास्त पक्की आहेत.

मी सकाळी पिंपाचं पाणी बदलत असे, संध्याकाळी टाकीचं. बादल्या उचलून माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेला. गॅलरीतली वाळू एका बालवाडीने नेली, खडी माळ्याने नेली, चिखल मास्तरांनी नमुना म्हणून ठेवून घेतला. विटा अजून आहेत. सासरेबुवांचं ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यातून फोन येत. पण आता त्यांचे प्रश्न बदलले होते. खातात का. रंग कसा आहे. एकदा त्यांनी चुकून विचारलं, तुम्ही जेवलात का. मी इतका दचकलो की नाही म्हणालो, आणि मी जेवलो होतो.

शेवटी फेरतपासणीची तारीख आली, आणि नशीब पाहा, त्याच्या आदल्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. मी तीनदा तपासलं. लिंबासारखं पिवळं. टाकीतली झाडं आता छताला टेकायची बाकी होती. सकाळी लवकर उठून मासे हलवायचे, निरीक्षक येतील तेव्हा ते पानांतून डौलात फिरत असतील, असा बेत केला.

सकाळी मी जाळी घेऊन बाथरूमात गेलो. दोन मासे फिल्टरच्या पांढऱ्या नळीपाशी उभे होते आणि बाकीच्या तिघांना त्यांनी पिंपाच्या पलीकडच्या बाजूला दामटून ठेवलं होतं. मी जाळी बुडवली तर एकजण जाळीच्याच अंगावर आला. मी टॉर्च लावला. नळीवर खसखशीसारखे पारदर्शक दाणे, ओळीने चिकटवलेले. दोघे आळीपाळीने त्यांच्यावर पंख हलवून वारा घालत होते.

मी सासरेबुवांना फोन लावला. बराच वेळ त्यांना माझं बोलणं खरं वाटेना. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे डिस्कसने एकदाही अंडी घातली नव्हती.

"हात घालू नका," ते म्हणाले. आवाज हलका झाला होता. "पिंपात बोटसुद्धा घालू नका. घाबरले तर स्वतःच खाऊन टाकतात."

मी म्हणालो, आज निरीक्षक येणार आहेत, टाकी रिकामी आहे. त्यांना ते ऐकूच गेलं नव्हतं.

निरीक्षक आले, सोबत पोटनियम. टाकीसमोर उभे राहिले. सुंदर आहे म्हणाले. बराच वेळ पाहिली. मग विचारलं, मासे?

"बाथरूममध्ये आहेत," मी म्हणालो.

त्यांनी फाइल हळूच मिटली. मला वाटलं संपलं. पण त्यांनी बूट काढले. मी पुढे झालो, दिवा न लावता टॉर्च खाली धरला. ते पिंपापाशी उकिडवे बसले. आत मासे वारा घालत होते. मग त्यांनी मागे उभ्या असलेल्या पोटनियमांना हाताने खूण केली, की तुम्ही बाहेरच थांबा, गर्दी नको. बाहेर आल्यावर ते कुजबुजत्या आवाजात म्हणाले की पिल्लं निघाली की कळवा. फाइलवर काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण नोटीस जाताना त्यांनी स्वतःच्या नखाने खरवडून काढली.

पिल्लं निघाली. सासरेबुवा चालायची चौकट टेकत टेकत आले आणि बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसले ते बसलेच. डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खातात. केसाएवढी पिल्लं त्या दोन बशांना झालरीसारखी लटकलेली होती. एक मासा दमला की अंग झटकून ती दुसऱ्याच्या हवाली करत होता. सासरेबुवांचा चहा आत, पेपर आत. बायकोने उशी नेऊन दिली.

मी टॉवेल घेऊन मास्तरांकडे आंघोळीला गेलो. अंगाला साबण लावला होता, बाहेर मास्तर एका त्रिभुज प्रदेशात होते, तेवढ्यात त्यांचा आवाज थांबला आणि दारावर टकटक झाली. पोटनियम होते. मला वाटलं, बाथरूमचा वापर कुठल्यातरी कलमात बसत नसणार.

"तुमच्याकडे गेलो होतो," ते बाहेरून म्हणाले. आवाजात संकोच होता. "पिल्लं बघायची होती. तुमच्या सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, मला काय विचारता. मासे जावईबापूंचे आहेत, परवानगी त्यांची घ्या."

पोटनियमांनी पुन्हा टकटक केली आणि बघू का, असं विचारलं.

"बघा," मी म्हणालो.

साबण डोळ्यांत गेला होता. नळ सापडेपर्यंत मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.